बैल समुद्रात, पुतळे आगीत: देनिया नावाच्या स्पॅनिश गावाचं वर्ष कोण चालवतं?

दर जुलैत एक व्हिडिओ मोबाइलवर फिरायला लागतो. बंदराचा धक्का, तीन बाजूंना माणसांनी खच्चून भरलेले बाक, चौथी बाजू थेट समुद्राला उघडी. मधोमध एक काळा बैल. एक पोरगा त्याला डिवचतो, काठापर्यंत पळत जातो आणि पाण्यात सूर मारतो. पाठोपाठ बैलही धपकन समुद्रात. खाली प्रतिक्रिया ठरलेल्या असतात: हे लोक वेडे आहेत, यांना कामधंदा नाही का, बैलाचं पुढे काय झालं. त्यात २०११ साली आलेल्या एका हिंदी सिनेमाने टोमॅटोची फेकाफेक आणि बैलांपुढची पळापळ घराघरांत पोचवलेली, त्यामुळे स्पेन म्हणजे बारा महिने धिंगाणा असा आपला पक्का समज.

असे व्हिडिओ बऱ्याचदा देनियाचे असतात. भूमध्य समुद्राच्या काठावरचं हे गाव एकदा नीट समजून घेतलं, की स्पेनच्या किनारपट्टीवरचे बाकीचे सणही आपोआप उलगडायला लागतात.

आधी गाव बघू

व्हॅलेन्सिया आणि आलिकांते या दोन शहरांच्या साधारण मधोमध देनिया आहे. वस्ती सुमारे ४५ हजार. पाठीशी ७५३ मीटर उंचीचा मोंतगो डोंगर, गावाच्या मध्यावर टेकडीवर किल्ला, पायथ्याशी बंदर. बंदरातून इबिझा बेटाकडे बोटी सुटतात. इथली लाल कोळंबी इतकी नावाजलेली, की २०१५ साली युनेस्कोने खाद्यसंस्कृतीच्या शहरांमध्ये देनियाचं नाव घातलं. लोक स्पॅनिशबरोबर व्हॅलेन्सियन भाषा बोलतात आणि सणांमधले बहुतेक शब्द त्याच भाषेतले आहेत.

तारखा ठरतात कशा?

स्पेनचं कॅलेंडर पाहिलं की पहिला गोंधळ इथेच होतो. काही सण दर वर्षी त्याच तारखेला, काही महिनाभर मागेपुढे.

मागेपुढे होणाऱ्या सगळ्यांचा खुंटा एकच, ईस्टर. २१ मार्च किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची, तिच्यानंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कुठेही येऊ शकतो. २०२४ मध्ये तो ३१ मार्चला होता, २०२५ मध्ये २० एप्रिलला. त्याच्या आधीचे चाळीस दिवस उपासाचे. त्या उपासापूर्वी खाऊनपिऊन, सोंगं काढून घ्यायची मोकळीक म्हणजे कार्निव्हल, म्हणून तो ईस्टरच्या ४७ दिवस आधीच्या मंगळवारी संपतो. गोव्याचा कार्निव्हल याच हिशेबाने येतो. पोर्तुगीजांनी आणला असला तरी कॅलेंडर तेच.

दुसरा गट ठरलेल्या तारखांचा, संतांच्या नावांचा. १७ जानेवारी संत अंतोनी: या भागातल्या गावांत शेकोट्या पेटतात आणि कुत्री, मांजरं, घोडे घेऊन लोक आशीर्वादाला येतात. १९ मार्च संत जोसेफ. २४ जून संत जॉन, १६ जुलै कोळ्यांची कार्मेन माता, १६ ऑगस्ट संत रोक. यांतल्या काही तारखांमागे ऋतूही दिसतो. संत जॉनची रात्र वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाला चिकटून येते. व्हॅलेन्सियाच्या किनाऱ्यावर त्या रात्री आगी पेटवतात, मध्यरात्री समुद्रात पाय बुडवून लाटांवरून उड्या मारतात. त्याच संताच्या त्याच दिवशी गोव्यात डोक्यावर पानाफुलांची कोपेल घालून पोरं विहिरीत उड्या टाकतात. तिथे कोरडा उन्हाळा, इथे धो धो पाऊस.

तिसरा गट इतिहासाच्या तारखांचा. ९ ऑक्टोबर १२३८ रोजी ख्रिश्चन राजा जाउमे पहिला मुसलमानांकडून घेतलेल्या व्हॅलेन्सियात शिरला, तो दिवस आजही प्रांताचा दिवस म्हणून पाळतात.

या तीन गटांपैकी कुठल्या सणाला किती जोर द्यायचा, ते प्रत्येक गाव आपापलं ठरवतं. देनियाने मार्च, जुलै आणि ऑगस्ट निवडले आहेत.

मार्च: जाळण्यासाठी बांधणं

मार्चच्या मध्याला देनियाच्या चौकाचौकांत भलेमोठे रंगीत पुतळे उभे राहतात आणि १९ मार्चच्या रात्री जळून खाक होतात. या प्रत्येक रचनेला ‘फाया’ म्हणतात. मूळ उत्सव व्हॅलेन्सिया शहराचा. युनेस्कोने २०१६ साली त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. उगमाची प्रचलित गोष्ट अशी: हिवाळ्यात सुतार दिवे टांगायला लाकडी दांडे वापरत. वसंत आला, दिवस मोठा झाला, की ते दांडे आणि दुकानातले तुकडे संत जोसेफच्या पूर्वसंध्येला रस्त्यावर जाळत. जोसेफ हा सुतारांचा संत. पुढे कुणी दांड्याला जुने कपडे चढवले, कुणी टोपी घातली, आणि तो दांडा गल्लीतल्या एखाद्या खडूस माणसासारखा दिसायला लागला. टवाळी तिथून सुरू झाली ती आजपर्यंत थांबलेली नाही. फायातल्या प्रत्येक आकृतीला ‘निनोत’ म्हणतात आणि त्यांत नगराध्यक्ष, मंत्री, फुटबॉलपटू कुणीही सुटत नाही.

फाया उभारतं कोण? नगरपालिका नव्हे, गल्लीतली संघटना. देनियात अशा ११ आहेत आणि त्यांची नावं म्हणजे गावाचा नकाशाच: ‘बाइश ला मार’ ही बंदराकाठची कोळ्यांची जुनी वस्ती, ‘लेस रोकेस’ किल्ल्याच्या पायथ्याचे चढाचे बोळ, ‘दार्रेरे देल कास्तेल’ म्हणजे किल्ल्यामागचा भाग. आपल्याकडच्या सार्वजनिक गणेश मंडळाशी हे प्रकरण इतकं जुळतं, की तीच उपमा वापरणं सोयीचं. अध्यक्ष, खजिनदार, रुसवेफुगवे, शेजारच्या गल्लीशी चुरस, पहिल्या नंबरासाठी परीक्षकांना शिव्या, सगळं तसंच. एक फरक मात्र मोठा आहे. इथे सभासद नोंदवलेला असतो आणि बहुतेक वेळा दरमहा पैसे भरतो. मांडवात येऊन दर्शन घेऊन जाणारा वेगळा आणि सभासद वेगळा. सभासदांसाठी वर्षभर एक हॉल भाड्याने असतो, त्याला ‘कासाल’ म्हणतात. तिथे जेवणं होतात, पत्ते खेळतात, पोरांचे नाच बसवतात.

पैशाचा हिशेब पाहिला की बाहेरच्या माणसाला पहिल्यांदा या सणाचा खरा पसारा कळतो. वर्गणी येते. नगरपालिकेचं थोडं अनुदान येतं. दुकानदारांच्या जाहिराती येतात. त्या छापण्यासाठी एक पुस्तिका निघते, ‘ल्यिब्रेत’. तिच्यात यंदाची फाया कुणाची टर उडवते आहे ते व्हॅलेन्सियन पद्यात समजावलेलं असतं. आणि नाताळच्या लॉटरीची तिकिटं येतात. संघटना सरकारी लॉटरीचे भाग वर थोडी रक्कम लावून विकते, ती रक्कम फायाच्या खात्यात. स्पेनमध्ये २२ डिसेंबरच्या सोडतीची तिकिटं न घेतलेलं घर शोधावं लागेल, त्यामुळे हे भाग खपतात.

दर वर्षी प्रत्येक फायाची एक ‘फायेरा मायोर’ निवडतात, म्हणजे त्या वर्षीची मानकरीण. मुलांच्या फायासाठी वेगळी, छोटी मानकरीण. विणलेल्या रेशमाचा घेरदार पोशाख, कानांवर वेण्यांची चक्रं, सोनेरी कंगवे. चांगला पोशाख काही हजार युरोंना पडतो आणि तो घरचे लोक घेतात. आईचा पोशाख उसवून लेकीच्या मापाचा करण्याचं काम करणारे शिंपी असतात, यातच काय ते आलं.

शेवटच्या रात्री आधी मुलांची छोटी फाया जळते, मग मध्यरात्रीच्या सुमारास मोठी. कारागीर कुऱ्हाडीने पुतळ्यांना भोकं पाडून ठेवतो, म्हणजे हवा आत खेळेल आणि सांगाडा बाजूला न कलता आत कोसळेल. फटाक्यांची माळ चौकभर ओढलेली असते. मानकरीण वात पेटवते, ठिणगी माळेवरून पळत पुतळ्यापर्यंत जाते. अग्निशमनवाले आगीवर पाणी मारत नाहीत, शेजारच्या घरांच्या भिंती आणि बाल्कन्या भिजवत राहतात. लोक ओरडतात, “आणखी पाणी टाका, आमच्यावर!” आणि मानकरीण रडत असते, कारण तिचं वर्ष संपलेलं असतं.

पण एवढं बांधून जाळायचं कशाला? पैशाचा चुराडाच ना?

हा आक्षेप स्पेनमध्येही घेतला जातो. पैशापुरतं उत्तर सोपं आहे. जळतो तो थर्मोकोल आणि लाकूड. पैसा आधीच सुतार, रंगारी, शिल्पकार, शिंपी, वाजंत्री आणि फटाके करणारे यांच्या घरी गेलेला असतो. जाळलं नाही तर पुढच्या वर्षी नवं लागणार नाही आणि हा कारागिरीचा धंदा बसेल. व्हॅलेन्सिया शहरात १९३४ पासून लोकांच्या मतांनी एक निनोत आगीतून वाचवतात, तो संग्रहालयात जातो. बाकीच्यांना माफी नाही.

धुराचं मात्र सोपं उत्तर नाही. पूर्वी मेण, पुठ्ठा आणि लाकूड वापरत. आता थर्मोकोल स्वस्त, हलका आणि कोरायला सोपा. त्याचा काळा धूर दाट आणि घाण असतो. काही कलाकार पुन्हा लाकडी पट्ट्यांकडे वळले आहेत, पण ते महाग पडतं आणि स्पर्धेत उंची व भपका यांना गुण मिळतात. नियम बदलेपर्यंत कारागिराने पदरमोड करून पर्यावरण वाचवावं ही अपेक्षा मला तरी फुकाची वाटते.

आवाजाबद्दल तर काही बोलायलाच नको. दुपारी दोनच्या सुमाराला ‘मास्क्लेता’ होते: भर उन्हात, जिथे रोषणाई दिसणारच नाही अशा वेळी, निव्वळ आवाजासाठी फटाके. जाणकार तिच्यातली लय ऐकतात. ज्यांना ती ऐकू येत नाही ते गाव सोडून आठवडाभर बाहेर जातात.

जुलै: बैलाचं पुढे काय होतं?

‘बोउस आ ला मार’, समुद्रातले बैल, हा देनियाच्या मुख्य गावउत्सवाचा भाग. सुरुवातीला मार्केस दे काम्पो या गावातल्या मुख्य रस्त्यावरून बैल पळवत बंदरावर आणतात. एरवी त्या रस्त्यावर झाडांच्या सावलीत कॉफी पीत लोक बसलेले असतात. बंदरावर मघाशी सांगितलेलं तीन बाजूंचं रिंगण. खेळ एकच: बैलाला हात न लावता, हुलकावण्या देत काठापर्यंत आणायचं आणि पाण्यात पाडायचं. कधी बैल पडतो, कधी नुसताच माणूस. बैल काठावर येऊन थबकला आणि मागे वळला, तर शिट्ट्या माणसाला मिळतात.

बैल पाण्यात पडला की तयार असलेल्या होडीतले लोक त्याच्या शिंगांना दोरी लावतात, डोकं पाण्यावर धरून त्याला उतारापर्यंत ओढत आणतात. बैलझुंजीसारखं रिंगणात त्याला मारत नाहीत. समर्थक नेमकं यावरच बोट ठेवतात. विरोधकांचा मुद्दा वेगळा आहे: जनावर घाबरलेलं असतं, बुडण्याचा धोका खरा असतो आणि हे सगळं करमणुकीसाठी चाललेलं असतं. दोन्ही बाजू खऱ्या गोष्टी सांगतात, म्हणून वाद मिटत नाही.

देशपातळीवरही हाच घोळ आहे. कातालोनिया या प्रांताने २०१० साली बैलझुंजींवर बंदीचा कायदा केला, २०१६ साली घटनात्मक न्यायालयाने तो रद्द ठरवला. २०१३ च्या कायद्याने बैलांच्या खेळांना सांस्कृतिक वारसा म्हटलं, आणि २०२४ मध्ये केंद्रातल्या संस्कृती मंत्रालयाने बैलझुंजीचा राष्ट्रीय पुरस्कारच बंद केला. पण रस्त्यावरच्या बैलांच्या खेळांचे नियम प्रांत करतो आणि परवानगीचा अर्ज गाव करतं. म्हणजे देनियातले बैल थांबायचे असतील, तर ते माद्रिदमुळे थांबण्यापेक्षा देनियातल्या मतदारांमुळे थांबण्याची शक्यता जास्त.

ऑगस्ट: मूर कोण, ख्रिश्चन कोण?

संत रोकच्या दिवसांत गावात दोन फौजा उतरतात. एक ‘मूर’, म्हणजे मध्ययुगात इथे राज्य करणारे मुसलमान, दुसरी ख्रिश्चन. प्रत्येक फौजेत पथकं, पथकाला ‘फिला’ म्हणतात. दहाबारा जण खांद्याला खांदा लावून, संथ, डुलत चालतात. मागे बँड. पुढे पथकाचा म्होरक्या तलवार फिरवत सावकाश मागेपुढे सरकतो. मूर तटाखाली येऊन किल्ला मागतात, लांबलचक भाषणं होतात, बारूद उडते, किल्ला एकदा इकडे एकदा तिकडे जातो, आणि शेवटी ख्रिश्चन जिंकतात. संघटनेची पद्धत तीच: सभासद, वर्गणी, जेवणं. कुणी मूर व्हायचं हे धर्मावर ठरत नाही, मित्र कुठल्या फिलात आहेत यावर ठरतं. मुरांचे पोशाख जास्त झगझगीत असतात, हेही एक कारण.

भारतीय वाचकाला पहिली शंका येते, हा सरळसरळ एका धर्माच्या पराभवाचा तमाशा नाही का? प्रश्न रास्त आहे आणि देनियाच्या बाबतीत तर जास्तच टोचणारा. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला मुजाहिद नावाच्या सरदाराने इथे स्वतंत्र राज्य उभं केलं. त्याच्या ताब्यात बालेआरिक बेटं होती, त्याच्या आरमाराने सार्डिनियावर स्वारी केली. आजचा किल्ला त्या काळात उभा राहिला. १२४४ मध्ये गाव ख्रिश्चनांच्या हाती गेलं, पण आसपासच्या दऱ्यांमध्ये मुसलमान शेतकरी पुढची साडेतीनशे वर्षं राहत होते. सोळाव्या शतकात त्यांचा सक्तीने बाप्तिस्मा झाला, आणि १६०९ च्या शरद ऋतूत त्यांना देशाबाहेर काढलं गेलं. हाकलपट्टीची पहिली जहाजं उत्तर आफ्रिकेतल्या ओरानकडे सुटली ती देनियाच्याच बंदरातून. हा निर्णय घेणाऱ्या राजा फेलिपे तिसऱ्याचा सर्वेसर्वा मंत्री, लेर्माचा ड्यूक, हाच देनियाचा मार्केस, म्हणजे सरंजामदार होता. व्हॅलेन्सियाच्या राज्यातून लाखाहून जास्त माणसं गेली, साधारण तिसरा हिस्सा. जवळच्या लाग्वार दरीत बंड झालं, ते मोडून काढलं गेलं. विसेंत मोस्त्रे या चित्रकाराने त्या दिवसांतल्या देनियाच्या बंदराचं चित्र काढून ठेवलं आहे: किल्ला, जहाजं, आणि काठावर नाचणारी, कुस्त्या खेळणारी, निघायच्या तयारीतली माणसं.

ऑगस्टमध्ये बंदरावर रुबाबात फिरणाऱ्या नकली मुरांकडे पाहताना हे आठवलं की गंमत थोडी कमी होते. उत्सवाचे समर्थक सांगतात, इथे मूर खलनायक नसतो, त्याला वैभव आणि मान मिळतो. आणि काही गावांनी पूर्वीचे अपमानास्पद प्रकार वगळलेही आहेत. ते खरं आहे. पण उत्सवाची गोष्ट विजयापाशी संपते आणि १६०९ तिच्यात येत नाही. शिवाय देनियातला हा उत्सव गेल्या काही दशकांतला आहे. त्यामुळे ‘परंपरेत तसंच चालत आलंय’ ही सबब इथे लागू पडत नाही.

शेजारच्या व्हियाहोयोसा गावाचं प्रकरण थोडं निराळं आहे. तिथे जुलैअखेर पहाटे मूर खरोखर होड्यांतून किनाऱ्यावर उतरतात, कारण १५३८ साली त्या गावावर समुद्री चाच्यांचा हल्ला झाला होता. त्या खेळाला निदान एका विशिष्ट घटनेचा आधार आहे.

हे सगळं पर्यटकांसाठीच चालतं ना?

ऑगस्टच्या मिरवणुका पाहताना तसं वाटतं, कारण तेव्हा देनिया पाहुण्यांनी फुगलेलं असतं. पण फाया मार्चमध्ये असते, समुद्र थंड आणि किनारा ओस असताना. जानेवारीतल्या शेकोट्या पाहायला तर परदेशी माणूस फिरकतच नाही. पर्यटक पैसे आणतो हे खरं, नगरपालिका त्याच्याकडे डोळा ठेवून असते हेही खरं. मात्र दरमहा पैसे भरणारा, फेब्रुवारीत मीटिंगला येऊन खुर्च्या कुणी मांडायच्या यावर भांडणारा माणूस गावचाच असतो.

आणि धर्म? १९७८ च्या राज्यघटनेनुसार स्पेनला राज्यधर्म नाही. चर्चमध्ये नियमित जाणारे कमी होत चालले आहेत, पण संताचा दिवस कुणी सोडत नाही. ईस्टरच्या सोमवारी ‘मोना’ घेऊन माळावर जायचं, पतंग उडवायचे, आणि त्या गोड पावात बसवलेलं उकडलेलं अंडं शेजाऱ्याच्या कपाळावर फोडायचं, यासाठी श्रद्धा लागतेच असं नाही.

परंपरा अखंड आहेत हाही एक गैरसमज. स्पेनच्या यादवी युद्धाच्या काळात, १९३७ मध्ये, पुढे हुकूमशहा झालेल्या फ्रँकोच्या बाजूने कार्निव्हलवर बंदी घातली आणि ती त्याच्या राजवटीत टिकली. फाया युद्धानंतर पुन्हा सुरू झाली, पण सत्तेची टिंगल करायची सोय उरली नाही. आज दिसणारा बराचसा उत्साह १९७५ नंतर, फ्रँको गेल्यावर, लोकांनी ठरवून पुन्हा उभा केलेला आहे.

मग हे लोक काम कधी करतात?

स्पेनच्या कामगार कायद्यात वर्षाला जास्तीत जास्त १४ सार्वजनिक सुट्ट्या. त्यांतल्या दोन गावाने ठरवायच्या. महाराष्ट्र शासनाची यादी चोवीसच्या आसपास असते, म्हणजे सुट्ट्यांच्या बाबतीत आपणच पुढे. फरक असा, की सुट्टी गुरुवारी आली तर स्पॅनिश माणूस शुक्रवारची रजा टाकून चार दिवस जोडतो. डिसेंबरच्या ६ आणि ८ तारखांना तर देशभर हेच चालतं. आणि सणाची बरीच कामं रात्री, कामावरून आल्यावर होतात.

वर्षाचा शेवट आणि सुरुवात

उरलेलं लवकर उरकतं. ९ ऑक्टोबरला व्हॅलेन्सियाकडचे पुरुष प्रेयसीला किंवा बायकोला रुमालात बांधलेली बदामाची मिठाई देतात. १ नोव्हेंबरला कबरींवर फुलं. ३१ डिसेंबरला बारा ठोक्यांबरोबर बारा द्राक्षं. मुलांची खरी रात्र ५ जानेवारीची, कारण भेटवस्तू तीन राजे आणतात, बाळ येशूला भेटी घेऊन आलेले तेच. किनाऱ्यावरच्या कित्येक गावांत हे राजे बोटीने बंदरात उतरतात आणि मिरवणुकीतून मुठी मुठीने गोळ्या उधळतात. ६ जानेवारीचे हेच तीन राजे गोव्यात रेइश मागुश, चांदोर आणि कुएलीच्या फेस्तात घोड्यांवरून येतात. सकाळी गोल गोड पाव कापतात. ज्याच्या तुकड्यात राजा निघेल तो त्या दिवसाचा राजा, आणि वाल निघाला तर पावाचे पैसे त्याने द्यायचे.

बघायला जायचं असेल तर

गर्दी नको आणि गाव बघायचं असेल तर १५ ते १९ मार्च. आलिकांते किंवा व्हॅलेन्सियाहून बस मिळते. मास्क्लेताच्या वेळी तोंड किंचित उघडं ठेवा असं तिथले लोक सांगतात, म्हणजे कानांवरचा दाब कमी जाणवतो. लहान मूल बरोबर असेल तर त्याच्यासाठी कानबंद घ्या. कासालमध्ये आमंत्रणाशिवाय शिरू नका, ती खासगी जागा आहे. पण रस्त्यावर मोठ्या कढईत भात शिजत असेल तर थांबून चौकशी करायला हरकत नाही. मासळी शाकाहारात धरणारे लोक तिथे बरेच भेटतात, तेव्हा मांस-मासे खात नसाल तर ‘भातात मासा नको’ हे वेगळं सांगा. आणि जुलैत गेलात तर बंदरालगत खोली घेऊ नका. पहाटेपर्यंत झोप लागणार नाही.